टर्बो मोटारसायकल: मनगट आणि चाक यांच्यामधला क्षण

उसाच्या हंगामात पुणे रस्त्यावर भरलेला ट्रक चढाला लागला, की इंजिनाच्या घरघरीवर एक बारीक शिट्टी ऐकू येते. ती टर्बोची. डिझेलच्या ट्रकांत आणि जीपांत टर्बो कधीच रुळला. पेट्रोलच्या लहान मोटारींतही तो आता सर्रास असतो. मोटारसायकलीत मात्र तो टिकला नाही. सोलापुरातल्या कुठल्याही शोरूममध्ये जा, टर्बोवाली नवी दुचाकी मिळणार नाही. तशी गाडी ज्याला बाळगायची आहे, त्याने आधी हे का घडलं ते समजून घ्यावं.

पेट्रोल जाळून मिळणाऱ्या ऊर्जेतला साधारण तिसरा हिस्सा गरम धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर जातो. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली याच वाया जाणाऱ्या ऊर्जेवर पेटंट घेतलं. धुराच्या वाटेत एक चक्र बसवायचं. त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र बसवायचं आणि त्याने बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरायची. धुराने फिरणारं चक्र म्हणजे टर्बाइन, हवा दाबणारं म्हणजे कंप्रेसर, आणि ही जोडी म्हणजेच टर्बो. हवा जास्त गेली की पेट्रोलही जास्त जाळता येतं, आणि तेवढ्याच सीसीच्या इंजिनातून जास्त ताकद निघते.

होंडाने १९८२ मध्ये सीएक्स ५०० टर्बो आणली तेव्हा हे लोकांना प्रत्यक्ष दिसलं. इंजिन ४९७ सीसीचं. साधी सीएक्स ५०० पन्नासच्या आसपास हॉर्सपॉवर द्यायची, टर्बोवाली ८२. त्यातली चक्रं जेमतेम ५ सेंटीमीटर व्यासाची होती आणि मिनिटाला दीड लाखाहून जास्त फेरे घ्यायची. आपल्या फताटेवाडीच्या वीज केंद्रातली अजस्र टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेते, यावरून अंदाज यावा. पुढच्या दोन-तीन वर्षांत यामाहा, सुझुकी आणि कावासाकी या तिघांनीही आपापल्या टर्बो गाड्या काढल्या. कावासाकीची ७५० टर्बो त्यांत सगळ्यांत सरस, ११२ हॉर्सपॉवरची. तिचा टर्बो इंजिनाच्या पुढे, एक्झॉस्टच्या तोंडाजवळच बसवला होता. धूर थंड व्हायच्या आत चक्रापर्यंत पोचावा, हा त्यामागचा विचार.

एवढी धडपड कशासाठी, ते तुळजापूरच्या घाटात गाडी घातलीत की कळेल. वळणात गाडी कलती आहे, मागच्या टायरचा तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला आहे आणि तुम्ही हळूच ॲक्सिलरेटर पिळता. साध्या इंजिनात ताकद मनगटाबरोबरच वाढते. टर्बोत आधी धूर वाढावा लागतो, मग चक्र वेग घेतं, मग हवेचा दाब चढतो. तोवर क्षणभर काहीच होत नाही. नवखा माणूस साहजिकच आणखी पिळतो आणि नेमकी तेव्हा सगळी ताकद एकदम येते. चारचाकीत याने फार तर डोकं सीटला आपटेल. दुचाकीत मागचं चाक निसटतं. जुन्या टर्बो गाड्या चालवणारे म्हणून वळणाच्या आधीच योग्य गिअर धरत आणि इंजिनाचे फेरे चढे ठेवत.

त्यात आणखी एक अडचण. दाबलेल्या हवेमुळे इंजिन ठोकू नये, म्हणजे आतलं पेट्रोल वेळेआधी पेटू नये, म्हणून कॉम्प्रेशन (पिस्टन आतलं मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण) कमी ठेवावं लागतं. साध्या सीएक्समध्ये ते १० ला १ होतं, टर्बोत ७.२ ला १. म्हणजे दाब चढेपर्यंत ही गाडी आपल्या साध्या बहिणीपेक्षाही मंद. शिवाय एक किंवा दोन सिलिंडरच्या इंजिनातून धूर सलग येत नाही, झटक्याझटक्याने येतो, आणि तेवढं लहान चक्र एकसारखं फिरवत ठेवणं अवघड जातं.

आता सोलापूरचा मे महिना धरा. बाहेर ४२ अंश. कंप्रेसरने हवा दीडपट दाबली आणि त्याची कार्यक्षमता ७० टक्के मानली, तर बाहेर पडणारी हवा सुमारे ९७ अंशांची असते. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेतल्या १५ अंशांच्या रात्री हाच आकडा ६६ च्या आसपास येतो. गरम हवा विरळ असते. म्हणून मे महिन्यात दाब दीडपट होऊनही सिलिंडरमध्ये हवा जाते जेमतेम २८ टक्के जास्त, तीही पेट्रोलला वेळेआधी पेट घ्यायला लावणारी. हेच ते इंजिन ठोकणं. ते चालू दिलं तर पिस्टनला भोक पडतं. मोटारीत हवा थंड करायला इंटरकूलर असतो. मोटारसायकलीत त्याला वारा लागेल अशी जागा शोधणं हेच मोठं काम होऊन बसतं.

इथे आपल्या जिल्ह्यातला ऊस मदतीला येतो, आणि मला ही गोष्ट फार आवडते. उसापासून होणाऱ्या इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे वेळेआधी न पेटण्याची क्षमता, पेट्रोलपेक्षा बराच वर असतो. बाष्प होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषून घेतं, त्यामुळे आत जाणारं मिश्रण गार होतं. इंजिन त्यासाठी जुळवलेलं असेल, तर टर्बोसाठी याहून सोयीचं इंधन नाही. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील मात्र त्याला चालतात का, ते आधी बघावं लागतं.

देखभालीचं बोलायचं तर सगळं ऑइलवर. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका गॅरेजात मिस्त्रीने ट्रकचा टर्बो खोलून ठेवला होता. त्याने शाफ्टचं टोक चिमटीत धरून हलवून दाखवलं. बाजूला किंचित हललं. "एवढं चालतंय की," तो म्हणाला, "पण पुढं-मागं हललं तर गेला म्हणायचं." ती बाजूची फट ऑइलसाठीच ठेवलेली असते. चालू टर्बोत शाफ्ट धातूला टेकत नाही, ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. हायवेवरून जोरात आलात आणि लगेच चावी बंद केलीत, तर ऑइलचा प्रवाह थांबतो, पण टर्बाइन भट्टीसारखी तापलेली असते. अडकलेलं ऑइल जळून कोळसा होतं आणि बेअरिंग खातं. म्हणून शेवटचा किलोमीटरभर सावकाश यावं, थांबल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवावं आणि ऑइल वेळेआधीच बदलावं. निळा धूर दिसला तर सील गेलं समजावं.

बुलेटला बाहेरून टर्बो बसवायची हौस अनेकांना असते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ नोंदीपेक्षा वेगळे फेरफार करू देत नाही, हे त्यांनी ध्यानात ठेवावं.

कंपन्यांनी १९८५ च्या सुमारास टर्बो सोडला, त्याचं कारण सोपं होतं. कावासाकीच्याच १९८४ च्या जीपीझेड ९०० आर या गाडीने ९०८ सीसीच्या साध्या इंजिनातून ११५ हॉर्सपॉवर काढून दाखवले. ना थांबणं, ना जादा वजन. पुढे २०१५ मध्ये कावासाकीने एच २ आणली. तिचा सुपरचार्जर, म्हणजे हवा दाबणारं चक्र, इंजिनाच्याच गिअरवर फिरतो, धुराची वाट बघत नाही. होंडाने २०२४ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात तीन सिलिंडरचं इंजिन मांडलं, त्यात कंप्रेसर विजेच्या मोटरवर चालतो. धुराशी संबंधच उरला नाही, त्यामुळे दाब कमी फेऱ्यांवरही हवा तेव्हा मिळू शकतो. हवा दाबली की तापणार, हे मात्र विजेच्या कंप्रेसरलाही चुकत नाही.