गाडीखालची 'ठकठक' नेमकी कशाची?

खडबडीत रस्त्यावर पुढच्या चाकाकडून ठकठक ऐकू आली की पहिला संशय शॉकअपवर जातो. खर्चिक भाग तोच, आणि पुष्कळदा तो निर्दोष असतो. मग नवे शॉकअप बसतात, बिल भरलं जातं आणि ठकठक चालूच राहते.

सस्पेन्शनच्या सांध्यांमध्ये रबरी बुश (सांध्यात बसवलेली रबरी नळी) किंवा बॉल जॉइंट (वाटीत फिरणाऱ्या गोळ्याचा सांधा) असतात. झीज होऊन त्यांत जेमतेम मिलिमीटरभर फट पडली तरी आवाजाला पुरते. जोर एकाच बाजूने असतो तोवर सांधा दाबलेला राहतो आणि गप्प बसतो. जोराची दिशा उलटली की तो फट ओलांडून पलीकडे आपटतो. म्हणून आवाज कुठून येतो याच्या आधी तो कधी येतो, ते टिपावं. बॉडीचा पत्रा आवाज लांबवर वाहून नेतो. डावीकडचा ठोका उजवीकडून आल्यासारखा वाटणं अगदी नेहमीचं.

आधी फुकटातली कारणं बाद करावीत: डिकीत सुटलेला जॅक किंवा स्टेपनी, सायलेन्सरचं तुटलेलं रबर, चाकाचे ढिले नट. सपाट रस्त्यावरही ठोके पडत असतील आणि वेगाबरोबर त्यांची लय वाढत असेल, तर टायरला फुगा आलाय का ते बघावं.

आता गाडी हळू, ताशी 10–15 किलोमीटरने, सरळ स्पीडब्रेकरवरून न्यावी, म्हणजे दोन्ही पुढची चाकं एकदम वर जातील. मग एकच चाक उंचवट्यावरून जाईल अशी न्यावी. एकदम जाताना शांतता आणि एकाच चाकाला ठकठक, असं झालं तर संशय स्टॅबिलायझर बारच्या लिंक रॉडवर. हा बार दोन्ही चाकांना जोडणारी स्प्रिंगसारखी दांडी असते. दोन्ही चाकं सारखी उचलली तर ती आपल्या रबरी बुशमध्ये नुसती फिरते. एकच उचललं तर तिला पीळ बसतो, आणि तो पीळ पोचवणाऱ्या लिंक रॉडच्या बॉल जॉइंटवर जोर पुढेमागे होतो. कमी वेगात, बारीक खड्ड्यांत होणाऱ्या ठकठकीचं माझ्या मते हेच सर्वांत संशयास्पद कारण.

ब्रेक दाबताना आणि सोडताना एकेक ठोका पडत असेल, तर लोअर आर्मचा (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) मागचा बुश किंवा ब्रेक कॅलिपरचे (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचे) ढिले पिन. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना खट् होत असेल, तर स्ट्रटच्या (शॉकअप आणि स्प्रिंगच्या एकत्र खांबाच्या) वरच्या माउंटिंगचं बेअरिंग. बॉनेट उघडून माउंटिंगवर हात ठेवावा, दुसऱ्याने स्टिअरिंग फिरवावं, झटका हाताला कळतो. शॉकअपच्या अंगावरून तेल ओघळत असेल किंवा गाडीचा कोपरा दाबून सोडल्यावर ती दोन-तीनदा झुलत राहत असेल, तर शॉकअप गेलाच. पण झुलत नाही म्हणजे तो ठीक आहे, असंही नाही.

हाताने तपासताना बहुतेक जण इथेच फसतात. एकच चाक जॅकवर उचललं की स्टॅबिलायझर बारला पीळ बसतो, लिंक रॉड ताणला जातो आणि त्यातला प्ले, म्हणजे सांध्यातली ढिलाई, लपतो. दोन्ही चाकं एकदम उचलावीत, किंवा चारही चाकं रॅम्पवर टेकलेली असताना लिंक रॉड धरून हलवावा. बॉल जॉइंटसाठी मात्र चाक लोंबकळतं हवं: वर आणि खाली धरून हलवल्यावर प्ले जाणवला, तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावं. ब्रेक दाबताच प्ले नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग, राहिला तर लोअर बॉल जॉइंट. डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावर प्ले मिळाला तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा). बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडमधला प्ले अंगावर काढू नये. सांधा निसटला तर गाडी हातातून जाते. आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच जाऊ नये, जॅकस्टँड लावावेत.

लिंक रॉड बदलणं सोपं आहे. दोन्ही चाकं उचललेलीच ठेवावीत, म्हणजे बारला पीळ नसतो आणि नवा रॉड भोकात सहज बसतो. जुना नट गंजलेला असतो, त्यावर आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. नट फिरवताना बॉलचा दांडाही सोबत फिरतो. त्याच्या टोकाच्या खाचेत ॲलन की अडकवून तो धरावा आणि पाना फिरवावा. नवे नटच वापरावेत, टॉर्क (आवळण्याचा जोर) मॅन्युअलमध्ये बघून द्यावा.

लोअर आर्मचा बुश बदलला तर एक गोष्ट विसरली जाते. त्याचा बोल्ट गाडी हवेत असताना फक्त बसवावा. पक्का आवळावा तो चाकं टेकून गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर आल्यावर. हवेत आवळला तर रबर त्या कोनात पकडलं जातं, गाडी खाली आल्यावर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. स्ट्रटच्या दांड्यावरचा मधला नट तर स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं साधन) लावल्याशिवाय कधीच सोडू नये, दबलेली स्प्रिंग उसळून जीवघेणी इजा होऊ शकते. शॉकअप एका ॲक्सलवर, म्हणजे पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही, जोडीनेच बदलावेत.

लिंक रॉडनंतर व्हील अलाइनमेंट लागत नाही. स्ट्रट, लोअर आर्म किंवा टाय रॉड एंडला हात लागला असेल तर ती करून घ्यावी, आणि 50 ते 100 किलोमीटर चालवल्यावर चाकाचे नट एकदा पुन्हा आवळून बघावेत.