अपरिचित नावांचा उलगडा (वंशावळ संशोधन)

जुन्या नोंदींत आढळणारे चमत्कारिक मधले नाव किंवा आडनाव घराण्यात आले कुठून, याचा शोध. असे नाव पाहून लेखनिक चुकला असावा, असे आधी वाटते. पुष्कळदा मात्र ते घरातल्याच दुसऱ्या कुणाचे, विशेषतः एखाद्या बाईचे, आडनाव निघते.

इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल (१८०६–५९) या इंग्रज अभियंत्याच्या नावातले ‘किंग्डम’ म्हणजे राज्य नव्हे. ते त्याची आई सोफिया हिचे माहेरचे आडनाव. लग्नानंतर बायकांची आडनावे कागदोपत्री पुसली जात. त्यामुळे आजोळ शोधताना कधीकधी नातवाचे मधले नाव एवढाच धागा हाती उरतो. पण मान्यवराच्या किंवा स्नेह्याच्या सन्मानार्थही अशी नावे ठेवत, तेव्हा लगेच रक्ताचे नाते जोडू नये. अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी एस. ट्रूमन यांच्या ‘एस’चा तर विस्तारच नाही; शिप आणि सॉलोमन ही नावे असलेल्या दोन्हीकडच्या आजोबांचे मन राखण्यासाठी नुसते अक्षर ठेवले.

स्वीडनमधील शिपायांची नावे याहून फसवी. एका तुकडीत अनेक अँडरसन, म्हणून भरतीच्या वेळी ‘रास्क’ (चपळ) यासारखे आटोपशीर नाव मिळे. ते बहुधा शिपायाला दिलेल्या खोपटाशी आणि जागेशी निगडित असे. पुढचा शिपाई नात्यातला नसला तरी तेच नाव लावी. एकाच घरात लागोपाठ दोन ‘रास्क’ सापडले, म्हणून ते बापलेक ठरत नाहीत.

खरोखरची चूकही असतेच. जुन्या इंग्रजी हस्ताक्षरात जोडून आलेल्या दोन ‘एस’पैकी पहिला लांबट काढत आणि तो ‘एफ’सारखा दिसे, नक्कल करणारा मग ‘रॉस’चे ‘रॉफ्स’ करतो. अमेरिकेत १९१८ मध्ये पेटंट मिळालेली साउंडेक्स ही सारख्या उच्चारांची आडनावे एकत्र आणणारी पद्धत इथे कामाची नाही. तिच्यात ‘रॉस’ला आर२०० आणि ‘रॉफ्स’ला आर१२० असे संकेतांक पडतात. ती कानाची चूक पकडते, डोळ्याची नाही. त्यासाठी मूळ पानच पाहावे लागते.