ठाण्यात बसायचं कुठे? कॅफेंच्या आधीची गोष्ट

दर शनिवारी आमच्या ग्रुपवर एकच प्रश्न पडतो, "आज कुठे बसायचं?" (बसायचं चा दुसरा अर्थ ज्यांना कळतो त्यांना कळतो, इथे तो नाहीये.) मग कोणीतरी हिरानंदानीतला कॅफे टाकतं, कोणी पोखरण रोडचा, कोणी म्हणतं तिकडे पार्किंगची बोंब आहे, आणि तासभर डोकं खाऊन शेवटी चौघंच राम मारुती रोडला भेटतात. पण गंमत बघा, कुठे खायचं असं कोणी विचारत नाही, कुठे बसायचं विचारतात. ठाण्यात खायचे हाल कधीच नव्हते. निवांत बसायला जागा नव्हती. माझं तर मत असं आहे की कॅफेवाला मुळात खुर्ची भाड्याने देतो आणि कॉफी ही त्या भाड्याची पावती असते. आता हे असं का झालं ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

मागे म्हणजे पार १६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून निघालेली पहिली पॅसेंजर गाडी ठाण्याला आली, ३४ किलोमीटर, चौदा डबे, चारशे माणसं, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, हे सगळं शाळेत पाठ केलेलं असतं. त्यातली आपल्या कामाची गोष्ट एवढीच की या गाडीने ठाण्याला उतरून घरी जायचं गाव करून टाकलं. सकाळी पळायचं, संध्याकाळी उतरायचं, रिक्षाची लाइन लावायची. अशा माणसाला टेबल-खुर्ची नको असते, त्याला हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी हवं असतं. म्हणून स्टेशनच्या आसपास आजही जे खरं चालतं ते उभ्याने खायचं. कुंजविहारचा तो तळहाताएवढा वडापाव घ्या, तो खाऊन होईपर्यंत माणूस स्टेशनवरून बरोब्बर निघतो, पाणी प्यायला सुद्धा थांबत नाही. नौपाड्यात विष्णूनगरला गजाननचा वडापाव, त्याच्यासोबतची ती पिवळी पातळ बेसनाची चटणी, तीही लोक तिथेच गाडीच्या सीटवर डिश ठेवून ओरपतात. वड्यापेक्षा चटणीसाठी जाणारे जास्त आहेत, मी त्यातलाच.

दुसरी जागा कचेरी. तहसीलदार कचेरीच्या आवारात, म्हणजे जुन्या भाषेत मामलेदाराच्या, १९४६ साली मुर्डेश्वर कुटुंबाने हॉटेल टाकलं, तेच मामलेदार मिसळ. गिऱ्हाईक कोण, तर सात-बाऱ्याला आलेला शेतकरी, दाखल्याला आलेला विद्यार्थी, कारकून, वकील, साक्षीदार. यांच्याकडे एकच गोष्ट भरपूर, वेळ, आणि तोही स्वतःच्या मर्जीचा नाही. साहेब जेवायला गेलेत म्हटल्यावर माणूस काय करणार, मिसळ खाणार. आडनावावरून कळतंच की हे घराणं मूळचं कर्नाटक किनाऱ्याकडचं, आणि ठाणेकर ज्या मिसळीवरून पुणेकर-कोल्हापूरकरांशी हमरीतुमरीवर येतो ती त्यांच्या हातची, हे मला नेहमी भारी वाटतं. तिथली पद्धत माहित असेलच, कमी, मध्यम, तिखट. नवीन माणूस जोशात तिखट सांगतो, दुसऱ्या घासाला नाक वाहायला लागतं, शेजारचा अनोळखी काका न विचारता आपला पाण्याचा ग्लास सरकवतो. टेबल चौघांचं असलं तरी ते कोणा चौघांचं नसतं, जागा दिसेल तिथे टेकायचं, आणि तुम्ही शेवटचा पाव तर्रीत बुडवत असता तेव्हा खुर्चीमागे पुढचा माणूस येऊन उभा असतो. बोलत काही नाही. नुसता उभा राहतो. त्या उभं राहण्यात जे प्रेशर असतं ते आजच्या कॅफेवाल्यांना लाखभराचा मॅनेजर ठेवून जमत नाही.

मग कारखाने. रेमंडची मिल १९२५ पासूनची, पण खरा जोर आला तो १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली आणि वागळे इस्टेट उभी राहिली तेव्हा. पोखरण रोडला कॅडबरी, कोळशेतला केमिकल कंपन्या, तीन शिफ्ट, भोंगे. गेटबाहेर टपऱ्या, आणि टपऱ्यांच्या पाठोपाठ शेट्टी लोकांची हॉटेलं. मुंबईत उडुपी हॉटेलं आधीच होती, माटुंग्याचं रामा नायकांचं १९४२ चं, पण ठाण्यात या हॉटेलांनी शहराला पहिल्यांदा टेबल दिलं असं म्हणायला हरकत नाही. टेबल दिलं, वेळ नाही दिला. इडली पाच मिनिटांत यायची, बिल सहाव्या मिनिटाला, बडीशेपेच्या बशीत. चहा सांगितलात तर वेटर "और कुछ?" असं विचारायचा आणि त्या "और कुछ" चा अर्थ "उठा आता" असा होता हे लहान मुलालाही कळायचं.

आणि या हॉटेलांत एक प्रकार होता ज्याच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, फॅमिली रूम. नव्या पिढीला सांगून खोटं वाटेल. हॉटेलच्या आत एक लोखंडी जिना, वर पोटमाळा, डोकं आपटेल एवढंच छत, एकेका टेबलाला प्लायवूडचं पार्टिशन आणि काही ठिकाणी चक्क पडदा. बायका बरोबर असल्या की वर पाठवायचे. खाली पुरुष, पेपर, सिगरेट (तेव्हा चालायची), वर "फॅमिली". माझी आई ठाण्यात बँकेत होती, ती सांगते की त्या चार मैत्रिणी पगाराच्या दिवशी डोसा खायला जायच्या तेव्हा वेटरने न विचारताच जिन्याकडे हात केलेला असायचा. एकदा त्यांनी ठरवून खालीच, दाराजवळच्या टेबलावर बसायचं केलं, तर मालक स्वतः उठून आला आणि म्हणाला, "ताई, ऊपर एसी है." एसी नव्हताच. टेबल फॅन होता. आई म्हणते आम्ही बसलो तिथेच, पण डोसा चवीने नाही खाल्ला, सगळे बघत होते. ही ऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट असेल. बायकांनी बाहेर बसून खाणं हे इतकं नॉर्मल नव्हतं, त्यामुळे घरी पार्सल न्यायची पोळीभाजी केंद्रं नौपाड्यात इतकी का चालली तेही यातून थोडं कळतं. नोकरी करणाऱ्या बाईला संध्याकाळी लोकलमधून उतरून तिथे उभं राहून सहा पोळ्या आणि एक भाजी बांधून घ्यायची असायची, बसायचा प्रश्नच नाही.

आणि प्रेमात पडलेल्यांचं काय? त्यांच्यासाठी फुकटातली जागा म्हणजे तलावपाळी. मासुंदा तलावाचा कठडा, भेळ, समोर बोटी, पलीकडे कोपिनेश्वराचं देऊळ. १९७८ ला तलावाकाठी गडकरी रंगायतन झालं आणि इथल्या कट्ट्याला नाटकवाले मिळाले. कठड्यावर बसायला पैसे पडत नव्हते, पण ओळखीचं कोणी बघेल याची भीती होती, आणि बघायचंच कोणीतरी, ठाणं तेव्हा एवढंसं होतं. दिवाळी पहाटेला इथे आणि राम मारुती रोडला जी तरुणाई लोटते ना नवीन कपडे घालून, ती परंपरा याच कट्ट्याच्या पोटातली. खायला फार काही नसतं त्या दिवशी. बघायला आणि बघवून घ्यायला जातात.

तर कॅफे. हा शब्द आपल्याकडे इराण्यांनी कधीच आणला होता, मुंबईत क्यानी १९०४ पासून आहे, पण इराण्याकडचा कॅफे म्हणजे बनमस्का, पानी कम चहा आणि संगमरवरी टेबल, त्याचा आजच्या कॅफेशी नावापुरता संबंध. आजचा प्रकार १९९६ ला बेंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डे ने सुरू केला, २००० मध्ये बरिस्ता आलं, आणि थोड्याच वर्षांत हे लोण ठाण्यात. तेव्हा आम्ही कॉलेजात. मला आठवतंय पहिल्यांदा गेलो तेव्हा तिघांत एक कॉफी घेतली आणि पावणेदोन तास बसलो, दर दहा मिनिटांनी मी वेटरकडे बघत होतो की आता येईल, आता "और कुछ" विचारेल. नाहीच आला! कपाच्या तळाला फेस सुकून चिकटला तरी कोणी उठवलं नाही. कॉफी कडू होती आणि साखरेची पुडी वेगळी मागायला लाज वाटली, पण बाहेर पडताना तिघांचंही एकच म्हणणं, परत यायचं. आणि आजूबाजूला मुली बसलेल्या, काचेला लागून, रस्त्यावरून दिसतील अशा. जिना नाही, पडदा नाही. आईला हे सांगितलं तर ती कॉफीची किंमत ऐकून आधी ओरडली आणि मग म्हणाली, एकदा आम्हाला पण ने.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. कारखाने एकेक करून बंद पडत गेले, जमिनी बिल्डरांकडे, रेमंडच्या जागेवर आता टॉवर आहेत, घोडबंदर रोडच्या दोन्ही बाजूंनी कॉम्प्लेक्स. सिग्नलला मात्र आम्ही अजून कॅडबरी म्हणतो, त्या भागात लहानपणी हवेत कोकोचा वास यायचा असं सांगणारे अजून भेटतात. २००९ ला कोरम मॉल, २०१३ ला विवियाना, मग फूड कोर्ट, म्हणजे परत टेबल शोधत ट्रे घेऊन फिरायचं, मामलेदारसारखंच, फक्त मिसळ नाही. गिऱ्हाईक बदललं हा खरा मुद्दा. ज्या जागी आधी शिफ्ट सुटल्यावर माणूस चहा ढोसून निघायचा तिथे आता आयटीतली जोडपी राहतात, दोघांचा पगार, घरात सासू-सासरे, मुलाचा क्लास, दोन मिनिटं शांत बसायला घरातही जागा नाही. ती माणसं अडीचशे रुपयांची कॉफी कॉफीसाठी घेत नाहीत हो.

लॉकडाऊनने याला अजून एक वळण दिलं. मार्च २०२० ला सगळं बंद, राज्यात रेस्टॉरंटं ५ ऑक्टोबरला उघडली तीही निम्म्या क्षमतेने. मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या, घरोघरी कोणीतरी बिर्याणी नाहीतर चीजकेक विकायला लागलं, आणि वर्क फ्रॉम होम. आता कॅफेत जा, निम्मी टेबलं लॅपटॉपवाल्यांची. भिंतीतल्या प्लगजवळची सीट मिळवायला सकाळी दहाला येतात. काही ठिकाणी वीकेंडला लॅपटॉप चालणार नाही अशा पाट्या लागल्यात, त्या वाचल्या की मला तो खुर्चीमागे उभा राहणारा माणूस आठवतो.

खाण्याच्या महोत्सवांची कुळी थोडी वेगळी. ते कॅफेतून नाही आले, ते आले गावाकडून. ठाण्यात कोकणातली माणसं किती ते सांगायला नको, त्यामुळे मे महिन्यात गावदेवी मैदानावर आंबा महोत्सव, थंडीत मालवणी महोत्सव, कोळीवाड्यांचे सीफूडचे कार्यक्रम, बचत गटांचे स्टॉल, हे सगळं आधीपासून होतंच. तिथे बायका चुलीवर तांदळाची भाकरी थापतात, तव्यावर बोंबील, बाजूला खाजा आणि कोकम सरबत. त्यावरच पुढे मॉलवाल्यांनी आणि इव्हेंटवाल्यांनी स्ट्रिंग लाइट्स, लाइव्ह बँड आणि एंट्री फी चढवली. परवाच एका अशा फेस्टमध्ये गेलो होतो, नाव नको, पाचशेचं कार्ड भरलं, सगळ्या स्टॉलच्या किमती अशा की शेवटी सत्तर रुपये उरतातच आणि सत्तरात काहीच मिळत नाही, परत मागितले तर "नॉन-रिफंडेबल आहे सर". कार्ड अजून पाकिटात आहे. बसायला तिथे गवताचे गठ्ठे होते. घोड्याला घालतात तसले. त्यावर सगळे हौसेने फोटो काढत होते, मी पण काढला.

नवी मुंबईचं वेगळं लिहायला हवं खरंतर, ती गोष्टच उलटी आहे. तिथे सिडकोने १९७० नंतर आधी नकाशा काढला, सेक्टर पाडले, आणि मग माणसं आली. ठाणेकराला ती खऱ्या अर्थाने जवळ आली ती २००४ ला ठाणे-वाशी लोकल सुरू झाली तेव्हा. वाशी स्टेशनजवळ वेगवेगळ्या राज्यांची भवनं आहेत, आसाम भवन, केरळ हाऊस, ओडिशा भवन, आणि अशा भवनांच्या कँटीनमध्ये खायला जाणं हा आमच्या ग्रुपचा मध्यंतरी छंदच झाला होता, सरकारी ट्यूबलाइट, स्टीलचा जग आणि ताटात मोहरीच्या तेलातला मासा. इन्स्टावर टाकण्यासारखं काही नाही, पण तिथे पण कोणी उठवत नाही.

गेल्या महिन्यात आईला आणि तिच्या त्याच तीन मैत्रिणींना (आता सगळ्या सत्तरीच्या) पोखरण रोडच्या एका कॅफेत घेऊन गेलो. खाली जागा होती तरी मुलगा म्हणाला, "मॅम, वरती मेझनिन आहे, जास्त कोझी आहे." चौघींनी एकमेकींकडे बघितलं आणि जोरात हसल्या, त्याला बिचाऱ्याला काही कळेना. त्या दाराजवळच बसल्या. कॉफी तिघींनी मागवली, चौथीने चहा आहे का विचारलं, तर एकशे ऐंशीचा होता, तोही तिने घेतला आणि सव्वातीन तास कोणी हललं नाही.