किशोरवयीन प्रेमकादंबरी: वाचणारी एक, निकाल देणारे दुसरेच

सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या, आजच्या काळात घडणाऱ्या प्रेमकथांना प्रकाशकांच्या भाषेत ‘यंग अडल्ट कंटेम्पररी रोमान्स’ म्हणतात. त्यांची परीक्षणं वाचायला बसलं की तेच ते वाद पुन्हा समोर येतात. पुस्तक या वयाला योग्य आहे का? नायक नायिकेशी वागतो ते बरोबर आहे का? शेवट गोड नसेल तर तारे कापायचे का? हे सगळं समाजमाध्यमांमुळे सुरू झालं असं अनेकांना वाटतं, पण हे वाद त्याहून कितीतरी जुने आहेत. ही कादंबरी मुख्यतः अमेरिकेत घडली, तिथल्या ग्रंथालयांच्या, शाळांच्या आणि मॉलमधल्या पुस्तकदुकानांच्या आधाराने वाढली. तिच्या परीक्षणाची रीतही तिथेच ठरली. त्या इतिहासातली एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे: पुस्तक मुलीच्या हातात आणि मत मात्र मोठ्यांचं.

सुरुवात सहसा १९४२ पासून धरली जाते. मॉरीन डेली आयर्लंडमध्ये जन्मली आणि विस्कॉन्सिनमधल्या फाँड्युलॅक गावात वाढली. कॉलेजात असताना तिने ‘सेव्हन्टीन्थ समर’ ही कादंबरी लिहिली आणि महाविद्यालयीन लेखकांसाठीच्या एका स्पर्धेतून ती प्रसिद्ध झाली. शाळा संपलेली, कॉलेज सुरू व्हायचंय आणि मधल्या उन्हाळ्यात अँजी मॉरो जॅक नावाच्या बेकरीवाल्याच्या मुलाच्या प्रेमात पडते, एवढंच कथानक. पण त्यातला एक प्रसंग मी कित्येकांना वाचून दाखवला आहे. जॅक अँजीच्या घरी जेवायला येतो आणि खाताना त्याचा चमचा दातांवर वाजतो. बस्स, एवढंच. पण घरच्यांसमोर अँजीला मेल्याहून मेल्यासारखं होतं. ज्याच्यावर जीव जडलाय त्याचीच लाज वाटावी, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचाच राग यावा, हे सगळं त्या एका आवाजात आहे. दोन घरांतला फरकही त्यात आला. पुढे जॅक लग्नाचं विचारतो, ती नाही म्हणते आणि उन्हाळा संपताच कॉलेजसाठी शिकागोला निघून जाते. म्हणजे ज्या पुस्तकाला या प्रकाराचा आरंभ मानतात, तेच ताटातुटीवर संपतं. ‘शेवटी दोघं एकत्र आले नाहीत’ म्हणून एखाद्या कादंबरीचे गुण कापणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

हे पुस्तक मोठ्यांच्या कादंबऱ्यांबरोबरच बाजारात आलं. किशोरांसाठी वेगळा कप्पा तेव्हा धड अस्तित्वातच नव्हता. दोन वर्षांनी, १९४४ मध्ये, ‘सेव्हन्टीन’ मासिक निघालं आणि या वयाची मुलगी हा एक स्वतंत्र ग्राहक आहे हे बाजाराला उमगलं. मग बेटी कॅव्हाना, रोझामंड ड्यू जार्डिन, बेव्हर्ली क्लिअरी यांची पुस्तकं आली. पन्नाशीच्या दशकातल्या त्या कथा नीटनेटक्या होत्या: पहिली भेट, शाळेतला नाच, एक गैरसमज आणि शेवटी समेट. क्लिअरीची विनोदबुद्धी सोडली तर आज त्यातलं फारसं काही लक्षात राहत नाही.

परीक्षणं मात्र याच काळात रुजली. पुस्तकपरीक्षणं छापणाऱ्या नियतकालिकांपैकी ‘हॉर्न बुक’ १९२४ पासून निघत होतं, ‘कर्कस’ १९३३ पासून, आणि १९५४ मध्ये आजच्या ‘स्कूल लायब्ररी जर्नल’ची सुरुवात झाली. त्यातली परीक्षणं जेमतेम एका परिच्छेदाची आणि ग्रंथपालांसाठी लिहिलेली असत. पैसे मोजके आहेत, तर हे पुस्तक घ्यावं की नाही, एवढं त्यांना कळायला हवं असे. त्यामुळे कथा, पात्रं, भाषा यांच्या जोडीला वयोगट आणि ‘सांभाळून’ अशी सूचना हे परीक्षणाचे ठरलेले भाग झाले. आज परीक्षक वयोगट आणि मजकुराबद्दलचा इशारा लिहितात, त्याचं मूळ इथे आहे. बाल्टिमोरच्या इनॉक प्रॅट ग्रंथालयात किशोरांसाठी आयुष्य वेचणाऱ्या मार्गारेट एडवर्ड्स यांना वाचणाऱ्या मुलांबद्दल अपार आस्था होती, पण किशोर कादंबरी म्हणजे मोठ्यांच्या साहित्याकडे नेणारा पूल असंच त्याही मानत. त्या पुलावर थांबून आजूबाजूला पाहावं, असं तेव्हा फारसं कुणाच्या मनात आलं नाही.

पहिला जोरदार धक्का एका किशोरवयीन मुलीनेच दिला. एस. ई. हिंटनची ‘द आउटसायडर्स’ १९६७ मध्ये आली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. ती प्रेमकथा नव्हे. पण त्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधल्या लेखात तिने स्पष्ट लिहिलं, की किशोरांसाठीच्या पुस्तकांत किशोरांचं खरं आयुष्य दिसतच नाही. त्यानंतरच्या दशकात व्यसन, घटस्फोट, हिंसा असे विषय घेऊन ‘प्रॉब्लेम नॉव्हेल’ची लाट आली. प्रेम आणि शरीरसंबंधही तिच्यात आले, पण शिक्षेसकट. मुलीने पाऊल पुढे टाकलं की गर्भपात, बदनामी किंवा मृत्यू ठरलेला.

जूडी ब्लूमची ‘फॉरेव्हर’ १९७५ मध्ये आली ती या पार्श्वभूमीवर. दोन चांगली मुलं प्रेमात पडतात, जवळ येतात आणि त्यासाठी कुणालाही मरावं लागत नाही, असं पुस्तक लिही, असा हट्ट ब्लूमच्या मुलीने धरला होता. कादंबरीतली कॅथरिन आणि मायकल घाई करत नाहीत. कॅथरिनची आजी तिला गर्भनिरोधनाची माहितीपत्रकं पोस्टाने पाठवते, कॅथरिन स्वतः दवाखान्यात जाऊन चौकशी करते. त्या वयाच्या मुलीचा मोठ्या माणसासारखा, शांत डोक्याने घेतलेला निर्णय इतक्या सविस्तर तोवर क्वचितच कुणी लिहिला होता. आणि मग उन्हाळी शिबिरात तिला दुसरा मुलगा आवडू लागतो आणि ‘कायमचं’ म्हटलेलं प्रेम संपतं. कुणी खलनायक नाही, कुणाचा विश्वासघात नाही. प्रेम खरं होतं आणि ते संपलंही, या दोन्ही गोष्टी एकाच पानावर नांदतात. हे धाडस मला त्यातल्या शरीरसंबंधांच्या वर्णनापेक्षा मोठं वाटतं.

प्रकाशकाने हे पुस्तक मोठ्यांसाठीचं म्हणून जाहीर केलं, पण वाचलं ते मुलींनी. नव्वदच्या दशकात सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांच्या अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या यादीत ते अगदी वरच्या क्रमांकांत होतं.

‘फॉरेव्हर’ आल्यानंतर तीन-चार वर्षांतच दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या, आणि आजच्या परीक्षणाचा पेच त्या दोन्हींमधून आला आहे.

पहिली गोष्ट ग्रंथपालांनी केली. डोरोथी ब्रॉडरिक आणि मेरी के. चेल्टन यांनी १९७८ मध्ये ‘व्होया’ हे नियतकालिक सुरू केलं. त्यात प्रत्येक पुस्तकाला गुणवत्तेसाठी एक ते पाच आणि लोकप्रियतेसाठी एक ते पाच असे दोन वेगळे गुण मिळत. लेखन उत्तम, पण मुलं हात लावणार नाहीत, असं एखादं पुस्तक असू शकतं. लेखन साधारण, पण मुलं त्यावर तुटून पडतील, असंही असू शकतं. या दोन गोष्टींची सरासरी काढायची नाही, हा त्यांचा आग्रह होता. परीक्षणाच्या सगळ्या इतिहासात इतकी प्रामाणिक पद्धत मला दुसरी दिसलेली नाही. त्यांनी मुलीची आवड समीक्षकाच्या मताच्या शेजारी बसवली, त्याच्या खाली दाबली नाही.

दुसरी गोष्ट बाजाराने केली. १९६५ च्या शिक्षण कायद्यामुळे शालेय ग्रंथालयांना सरकारी पैसा मिळत होता. सत्तरच्या दशकाअखेर तो आटला. प्रकाशकांनी ग्रंथालयाला वळसा घालून थेट मुलींना गाठलं. स्कोलॅस्टिकची ‘वाइल्डफायर’ मालिका १९७९ च्या सुमारास आली, १९८१ मध्ये बँटमची ‘स्वीट ड्रीम्स’ आणि सिलूएटची ‘फर्स्ट लव्ह’ आली. मुखपृष्ठावर मुलीचा फोटो, स्वस्त कागदी बांधणी, हातखर्चाच्या पैशांत परवडेल अशी किंमत. १९८३ मध्ये फ्रान्सिन पास्कल यांची ‘स्वीट व्हॅली हाय’ सुरू झाली. कथासूत्रं पास्कल यांची आणि प्रत्यक्ष लेखन पडद्याआडच्या लेखकांचं. १९८५ मध्ये या मालिकेतलं एक पुस्तक ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या कागदी बांधणीच्या खपयादीत पोचलं. किशोर कादंबरीच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडत होतं.

परीक्षण करणाऱ्या नियतकालिकांनी या मालिकांची फारशी दखल घेतली नाही, आणि घेतली तेव्हा ती चिंतेपोटी. सगळ्या नायिका गोऱ्या, सुखवस्तू, बारीक आणि मुलाच्या होकारावर जगणाऱ्या, हा आक्षेप पूर्ण खरा होता. लिंडा ख्रिश्चन-स्मिथ यांनी १९४२ ते १९८२ मधल्या ३४ किशोर प्रेमकादंबऱ्या तपासून १९९० मध्ये पुस्तक लिहिलं, त्यातही हाच निष्कर्ष आहे. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. वर्गात जाऊन त्या ही पुस्तकं वाचणाऱ्या मुलींशी बोलल्या. ज्यांना शाळेने वाचनात मागे ठरवलं होतं अशा मुली शिक्षकांशी हुज्जत घालून हीच पुस्तकं वाचत होत्या आणि वाचताना नायिकांशी भांडतही होत्या. इतक्या वर्षांत कुणीतरी वाचणारीला तिचं मत विचारलं होतं.

याच काळात नॅन्सी गार्डनची ‘अ‍ॅनी ऑन माय माइंड’ आली, १९८२ मध्ये. दोन मुलींचं प्रेम आणि शेवटी त्यांचं एकमेकींकडे परतणं. समलिंगी प्रेम असलेल्या किशोर कादंबऱ्यांत तोवर अपघात नाहीतर मृत्यू यायचाच, म्हणून इथला सुखान्त हीच मोठी गोष्ट होती. ‘गोड शेवट म्हणजे उथळ’ असं समजणाऱ्या परीक्षकांना हे उदाहरण नेहमी सांगावंसं वाटतं. १९९३ मध्ये कॅन्सस सिटीत या पुस्तकाची प्रत जाळली गेली. शेजारच्या ओलेथा शहराच्या शाळांनी ते काढून टाकलं, तेव्हा विद्यार्थी आणि पालक न्यायालयात गेले. १९९५ मध्ये संघराज्य न्यायाधीशांनी ही कारवाई घटनाबाह्य ठरवली आणि पुस्तक कपाटात परत आलं.

नव्वदीच्या उत्तरार्धात सारा डेसनसारख्या लेखिकांनी प्रेमकथेला घर, आई, मैत्री, शोक यांच्यात पुन्हा मुरवलं. जॅकलिन वुडसन यांनी १९९८ मध्ये न्यूयॉर्कमधला कृष्णवर्णीय मुलगा आणि गोरी ज्यू मुलगी यांची प्रेमकथा लिहिली आणि मालिकांनी टाळलेला प्रश्न समोर आणला. २००५ नंतर ‘ट्वायलाइट’सारख्या कादंबऱ्यांतल्या रक्तपिपासू नायकांनी काही वर्षं सगळं झाकोळून टाकलं, त्यात इथे शिरायला नको.

परीक्षणाचं तंत्र बदललं ते २००७ च्या आसपास. अनेक ब्लॉग सुरू झाले होते, त्यात गुडरीड्स या, वाचकांनी पुस्तकांना तारे देण्याच्या संकेतस्थळाची भर पडली. प्रकाशनपूर्व प्रती आता ग्रंथपालांइतक्याच हौशी वाचकांनाही मिळू लागल्या. २००९ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने नियम सुधारले आणि फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल लिहिताना तसं सांगणं ब्लॉगलेखकांवरही बंधनकारक केलं. ‘ही प्रत प्रकाशकाकडून मिळाली’ ही आज परीक्षणाच्या टोकाला दिसणारी ओळ त्यातूनच रुळली. भाषाही बदलली. ‘फेक डेटिंग’ (प्रेमाचं नाटक), ‘स्लो बर्न’ (हळूहळू फुलणारं प्रेम), ‘एनिमीज टू लव्हर्स’ (आधी वैर, मग प्रेम) हे शब्द फॅनफिक्शन, म्हणजे आवडत्या कथांतली पात्रं घेऊन चाहत्यांनी रचलेल्या कथा, लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांच्या वर्तुळांतून आले आणि परीक्षणात स्थिरावले. जेनी हान यांच्या २०१४ च्या कादंबरीत लारा जीन आणि पीटर खोट्या प्रेमाचा चक्क लेखी करार करतात. वाचकांना तो साचा नावानिशी माहीत होता आणि करार कुठे मोडेल याची ते वाट पाहत होते. साचा ओळखणं म्हणजे पुस्तकाला नावं ठेवणं, हे जुनं समीकरण इथे सुटलं. साचा आहेच, तो किती जीव ओतून वापरलाय ते सांगा, असं वाचक म्हणू लागले.

त्याच वर्षी ‘वुई नीड डायव्हर्स बुक्स’ (आम्हाला वैविध्य असलेली पुस्तकं हवीत) ही मोहीम सुरू झाली. प्रेम करण्याचा हक्क पुस्तकात नेमका कुणाला मिळतो, हा प्रश्न आता खुद्द तरुण वाचक विचारत होते. रेनबो रोवेल यांच्या ‘एलेनर अँड पार्क’वर आधी कौतुकाचा वर्षाव झाला आणि मग कोरियन-अमेरिकन वाचकांनी कोरियन वंशाच्या नायकाच्या, पार्कच्या, चित्रणातल्या खटकणाऱ्या जागा दाखवल्या. जुन्या पद्धतीच्या परीक्षणात त्या सहसा सुटल्या असत्या.

एवढं झाल्यावर वाचणारी आणि निकाल देणारी एकच झाली असं वाटेल. पण पुस्तकबाजाराची आकडेवारी गोळा करणाऱ्या बाउकर कंपनीच्या २०१२ च्या पाहणीत आढळलं, की १२ ते १७ वयासाठी म्हणून छापलेल्या पुस्तकांचे ५५ टक्के खरेदीदार अठरा किंवा त्याहून मोठे होते. मोठ्यांनी ही पुस्तकं आवडीने वाचावीत, मीही वाचते. अडचण ताऱ्यांची आहे. गुडरीड्सवर दोन तारे म्हणजे ‘ठीक होतं’, पण बहुतेक लोक ते नापसंती म्हणूनच देतात आणि तसेच वाचतात. ‘नायिका बालिशपणे वागते’ म्हणून तिशीतल्या वाचकाने दिलेले दोन आणि ‘ही तर मीच’ म्हणून पंधरा वर्षांच्या मुलीने दिलेले पाच एकाच आकड्यात मिसळतात. ‘व्होया’ने जी सरासरी काढायला नकार दिला होता, नेमकी तीच आता यंत्र काढतं. २०२० नंतर बुकटॉकने, म्हणजे टिकटॉकवरच्या पुस्तकांच्या व्हिडिओंनी, खपाची गणितं बदलली, तसा हा गुंता वाढला. नायिका अठरा-एकोणीसच्या झाल्या आणि तेरा-चौदा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेली प्रेमकथा शोधावी लागू लागली. म्हणून परीक्षण लिहिताना मी पुस्तक मला कसं वाटलं ते आणि ज्या वयासाठी ते लिहिलंय त्या वाचकाला काय देईल ते, या दोन गोष्टी वेगळ्या परिच्छेदांत ठेवते आणि तारे देतच नाही.

वयाचा जुना वादही मिटलेला नाही. २०२४ मध्ये यूटा राज्याने सगळ्या सरकारी शाळांतून काढायच्या १३ पुस्तकांची पहिली यादी जाहीर केली, तिच्यात ‘फॉरेव्हर’ होतं. पुढच्याच वर्षी नेटफ्लिक्सवर त्याच कादंबरीवरची मालिका आली. तिची कथा २०१८ च्या लॉस एंजलिसमध्ये घडते, नायक-नायिका कृष्णवर्णीय आहेत आणि मुळात कॅथरिनकडे असलेला बराचसा भाबडेपणा आता मुलाच्या वाट्याला आला आहे.