जुनं कापणीयंत्र ओळखायचं तर पिकाची वाट शोधा

गंजून उभ्या असलेल्या जुन्या कापणीयंत्रापाशी गेलं की बहुतेकांची नजर आधी नाव शोधते. बिडाच्या भागांवर उठलेली अक्षरं, बैठकीतलं नक्षीदार ओतकाम, कोपऱ्यात उरलेला लाल रंग. यातलं काही सापडलं की ओळख पटली असं वाटतं. पण बैठक दोन बोल्टांवर बसते आणि ती एका यंत्रावरून दुसऱ्यावर सहज जाते. चाकं बदलतात, रंग तर कुणीही देतो. त्यामुळे नाव सगळ्यात शेवटी वाचावं. आधी यंत्राला एक चक्कर मारून शोधावं की पीक शिरत कुठून होतं, कापल्यावर जात कुठे होतं आणि बाहेर पडताना कोणत्या रूपात पडत होतं.

धान्य काढणं ही कामांची साखळी आहे. ताटं कापायची, गोळा करायची, पेंढ्या बांधायच्या, वाळवायच्या, मळायच्या, उफणायच्या. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून साधारण 1940 पर्यंत युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात यातलं एकेक काम यंत्राकडे गेलं. समोरच्या यंत्राने कोणती कामं स्वतःकडे घेतली होती आणि कोणती माणसांसाठी ठेवली होती, हे कळलं की त्याचा प्रकार ठरतो आणि काळाचाही अंदाज येतो.

सुरुवात पात्यापासून करू. लांब दांड्याचा विळा वेगावर कापतो. पातं इतक्या जोराने येतं की धाटाला वाकून निसटायला वेळच मिळत नाही. घोड्याच्या चालीने सरकणाऱ्या यंत्राला असा झपाटा मारता येत नाही, म्हणून धाटाला मागून आधार द्यावा लागतो. पुढे रोखलेल्या लोखंडी बोटांची रांग हे काम करते. बोटांच्या खाचांतून एक पट्टी वेगाने डावी-उजवीकडे सरकते, तिच्यावर त्रिकोणी पाती रिव्हेटने बसवलेली असतात आणि दोहोंमध्ये सापडलेलं धाट कात्रीने कापावं तसं कापलं जातं. ओबेड हसी याने 1833 मध्ये अशा यंत्राचं अमेरिकी पेटंट घेतलं. सायरस मॅकॉर्मिकने आपलं यंत्र 1831 मध्ये व्हर्जिनियात चालवून दाखवलं होतं, पेटंट 1834 मध्ये घेतलं. मॅकॉर्मिक कुटुंबाच्या गुलामगिरीत असलेल्या जो अँडरसनने या यंत्राच्या घडणीत हात लावला होता. ओतीव अक्षरांत त्याचं नाव कुठेच सापडणार नाही, म्हणून इथे ते आवर्जून घ्यायला हवं.

अशी पात्यांची पट्टी दिसली की लोक लगेच ‘धान्य कापायचं यंत्र’ म्हणतात, आणि सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. गवत कापायच्या यंत्रालाही अगदी तशीच पट्टी असते. फरक पट्टीच्या मागे आहे. गवत कापलं की जमिनीवर पडलं तरी चालतं, ते तिथेच वाळवायचं असतं. म्हणून त्या यंत्राला सहसा दोन सारखी चाकं, बाजूला निघालेली पट्टी आणि पट्टीमागे मोकळी जागा. धान्याच्या ओंब्या मात्र मातीत विखुरून चालत नाहीत. म्हणून रीपरच्या, म्हणजे धान्य कापायच्या यंत्राच्या, पट्टीमागे एक फलाट असतो आणि वर फळकुटांचा फिरता सांगाडा, म्हणजे रील. ते उभं पीक पात्याकडे वाकवतं आणि कापलेलं फलाटावर निजवतं. एका बाजूचं चाक मोठं असतं, त्याच्या धावेवर जमीन धरणारे उंचवटे असतात. यंत्राची सगळी हालचाल या चाकातूनच निघते, कारण दुसरं इंजिन त्यावर नसतंच. पात्यांची धारही पाहावी. वाळलेलं धाट टणक आणि निसरडं, त्यासाठी करवतीसारखे बारीक दाते. ओल्या गवताला साधी गुळगुळीत धार पुरते. पण पाती झिजली की बदलली जातात, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नये.

आता फलाट. तो रिकामा कोण करत होतं? माझ्या मते ओळखीतला सगळ्यात मोलाचा प्रश्न हा आहे.

अगदी सुरुवातीच्या मॅकॉर्मिक यंत्राशेजारून एक माणूस चालायचा आणि दाताळ्याने पीक बाजूला ओढायचा. हसीच्या यंत्रावर माणूस बसून ते मागे ढकलायचा. मागे ढकलण्यात एक अडचण होती. पुढच्या फेरीला घोडे त्याच पट्ट्यातून येणार, म्हणून त्याआधी तिथल्या पेंढ्या बांधून उचलाव्याच लागत. पीक बाजूला पडलं तर ही घाई टळते. नंतरच्या पिढीत माणसाऐवजी यांत्रिक दाताळी आली. उभ्या आसाभोवती चार-पाच लांब लाकडी हात, प्रत्येकाला दाते, आणि आसाखाली वाकडातिकडा लोखंडी मार्ग. त्या मार्गावरून जाताना हात आपोआप खाली येतात, फलाट झाडतात आणि पुन्हा वर उचलले जातात. असे हात दिसले तर ते स्वयंचलित दाताळीचं रीपर. पेंढी बांधायला मात्र अजूनही माणसं लागत.

1858 मध्ये इलिनॉयच्या मार्श बंधूंनी वेगळा विचार केला. बांधणारी माणसं यंत्रामागे पळवण्याऐवजी त्यांनी पीक कॅनव्हासच्या फिरत्या पट्ट्याने वर आणलं आणि दोन माणसांना यंत्रावरच उभं केलं. बांधणीचा ओटा आहे, पण गाठ मारणारं काही नाही, असं यंत्र सापडलं तर ते या वंशाचं. अशी यंत्रं दुर्मीळ आहेत.

गाठ मारायला यंत्राला शिकवणं अवघड होतं. 1870 च्या दशकात आधी तारेची बांधणी आली, कारण तारेला नुसता पीळ दिला की भागतं. पण तारेचे तुकडे पेंढ्यात आणि धान्यात जायला लागले. जनावरांच्या पोटाची आणि गिरणीच्या दगडांची भीती शेतकऱ्यांना वाटू लागली, आणि तार मागे पडली. जॉन ॲपलबी याने सुतळीची गाठ मारणारी यंत्रणा बसवली, तिचं पेटंट 1879 चं. बाइंडर, म्हणजे कापून पेंढीही स्वतःच बांधणारं यंत्र, ओळखायचा तर हीच यंत्रणा शोधावी, आणि मुठीएवढ्या त्या भागापाशी थोडा वेळ थांबावं, इतकी ती सुंदर आहे. पेंढी पुरेशी दाबली गेली की तिच्याच दाबाने एक खटका सुटतो. खालून वाकडी सुई सुतळी घेऊन पेंढीभोवती येते. पक्ष्याच्या चोचीसारखा छोटा आकडा एक पूर्ण गिरकी घेतो, त्यामुळे सुतळीचा फास त्याच्याभोवती पडतो. मग चोच उघडते, दोन्ही टोकं पकडते, पातं सुतळी कापतं आणि फिरते दांडे पेंढीला बाहेर ढकलतात. त्या ओढीने फास चोचीवरून उतरतो आणि गाठ बसते. आजच्या चौकोनी गठ्ठे बांधणाऱ्या बेलरमध्येही गाठ याच तत्त्वावर पडते.

बाइंडरचं कॅनव्हास कधीच कुजून गेलेलं असतं. तेव्हा रूळ मोजावेत. फलाटाच्या दोन टोकांना दोन, आणि मोठ्या चाकावरून चढणाऱ्या उतारावर समोरासमोर दोन जोड्या. पीक या चढावर दोन कॅनव्हासांच्या मधून दाबत वर जायचं आणि पलीकडच्या ओट्यावर उतरायचं.

काही यंत्रं मुळातच या वंशातली नसतात. घोडे मागे जुंपून यंत्र पुढे ढकलायची व्यवस्था दिसली तर सावध व्हावं. स्कॉटलंडच्या पॅट्रिक बेलने 1828 च्या सुमारास असंच यंत्र केलं आणि त्याचं पेटंट घेतलंच नाही. अमेरिकेतला हेडरही मागून ढकलायचा, पण तो फक्त वरच्या ओंब्या छाटून शेजारच्या गाडीत टाकायचा, पेंढी बांधायची गरजच नसे. दक्षिण ऑस्ट्रेलियात 1843 मध्ये जॉन रिडलीने स्ट्रिपर चालवला. त्याला कापायचं पातंच नाही. पुढे लांब दात्यांची फणी आणि तिच्यामागे फिरणारे झोडपणारे दांडे. ओंब्या तिथेच झोडून दाणे मागच्या पेटीत जात आणि ताटं शेतात उभीच राहत. कोरड्या हवेत पिकलेल्या गव्हालाच हे जमतं, म्हणून हे यंत्र त्या भूमीत रुजलं. रोमन काळातल्या गॉलमध्येही, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या परिसरात, ओंब्या ओरबाडणारी फणीची गाडी होती. रोमन लेखक प्लिनीने तिचं वर्णन केलं आहे आणि बेल्जियममधल्या ब्युझनॉल इथे तिचं कोरीव चित्र सापडलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतातल्या ह्यू व्हिक्टर मॅके याने 1885 मध्ये स्ट्रिपर, मळणी आणि उफणणी एकत्र आणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं.

मळणीयंत्रं एका जागी उभी राहून काम करत. त्यांना पातं नसतं, पोटात दाणे झोडून काढणारा फिरता ड्रम असतो. हा ड्रम अँड्र्यू मिकलने 1786 मध्ये स्कॉटलंडमध्ये आणला. झडप उघडून आत पाहावं. ड्रमवर खिळ्यांसारखे दाते असतील तर घडण बहुधा अमेरिकी, आडव्या खरबरीत पट्ट्या असतील तर ब्रिटिश. पट्ट्यांनी काड कमी मोडतं, आणि छपरं शाकारायला अखंड काड लागत असे. लाकडी पेटीऐवजी पूर्ण पोलादी अंग असेल तर यंत्र विसाव्या शतकातलं. अमेरिकेच्या ‘केस’ (Case) कंपनीने पोलादी मळणीयंत्र 1904 मध्ये आणलं, पण लाकडी यंत्रं त्यानंतरही बनत राहिली. ताकद कुठून यायची तेही दिसतं. जमिनीलगत फिरणारा दांडा म्हणजे गोल फिरणारे घोडे. रुंद सपाट पुली म्हणजे वाफेचं इंजिन किंवा ट्रॅक्टर.

कापणी आणि मळणी एकाच अंगात असेल तर तो कम्बाइन, आणि ही कल्पना लोकांना वाटते त्यापेक्षा जुनी आहे. मिशिगनच्या हायरम मूर आणि जॉन हॅस्कल यांचं पेटंट 1836 चं. त्यांचं एक यंत्र 1854 मध्ये कॅलिफोर्नियात गेलं आणि तिथे सुमारे 600 एकरांवर चाललं. जुन्या कम्बाइनचा काळ त्याच्या ताकदीच्या वाटेवरून लागतो. सगळ्यात जुन्यांत ड्रमसुद्धा जमिनीवरच्या चाकानेच फिरायचा. यात एक मूलभूत खोट आहे. पीक दाट आलं की घोडे मंदावणार, म्हणजे ड्रमला जास्त ताकद हवी नेमकी तेव्हाच तो हळू फिरणार. म्हणून पुढे यंत्रावर वेगळं इंजिन बसलं. ट्रॅक्टरच्या मागून फिरता शाफ्ट घेण्याची सोय 1920 च्या दशकात पसरली. ॲलिस-चाल्मर्स कंपनीचा 1935 चा ऑल-क्रॉप नावाचा छोटा कम्बाइन असाच शाफ्टवर चालायचा.

आता अक्षरं वाचायला हरकत नाही. नुसता आकडा बहुधा सुट्या भागाचा क्रमांक असतो, त्याला वर्ष समजू नये. पेटंटची तारीख जास्त बोलते, कारण अमेरिकेत 1927 पर्यंत वस्तूवर पेटंटची तारीख घालायची पद्धत होती. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पेटंटं मंगळवारी दिली जातात. झिजलेला आकडा 1 आहे की 7, अशी शंका आली तर त्यातला मंगळवार कोणता ते पंचांगात पाहावं. हाताने सोडवता येणाऱ्या हुकासारख्या कड्यांची साखळी विल्यम युअर्टची, पेटंट 1 सप्टेंबर 1874 चं, आणि तो मंगळवारच होता. मूळचीच अशी साखळी असलेलं यंत्र त्याआधीचं नाही. अनेक तारखा असतील तर सगळ्यात अलीकडची धरावी, यंत्र तिच्यानंतरचं. मॅकॉर्मिक, डिअरिंग, प्लॅनो, मिलवॉकी आणि चॅम्पियनचे निर्माते 1902 मध्ये एकत्र येऊन इंटरनॅशनल हार्वेस्टर झाले, त्यामुळे या मोठ्या कंपनीचं नाव सोबत असेल तर यंत्र त्यानंतरचं. कॅनडातल्या मॅसी आणि हॅरिस या कंपन्या 1891 मध्ये एक झाल्या.

घोड्यांची दांडी कापून ट्रॅक्टरची कडी जोडलेली असेल तर ती दुसऱ्या काळातली दुरुस्ती आहे, आणि तिची नोंद यंत्राच्या तारखेपासून वेगळी ठेवावी. फोटो काढताना बैठक आणि नावाची पाटी सोडून आधी पात्यांची पट्टी, फलाट, मोठ्या चाकाची धाव, गाठ मारणारा भाग आणि साखळ्या टिपाव्यात. जाणकाराला या पाच फोटोंवरून यंत्राचा प्रकार सांगता येतो.