शेड जुळवणी (जुन्या मोटारीची)

मोटारीच्या मूळ रंगावर पडलेला ओरखडा, टवका किंवा गंजाचा डाग दुरुस्त करून तेवढ्याच भागाला बाकीच्या गाडीत मिसळून जाईल असा रंग देण्याचे काम. जुन्या गाडीत रंग कंपनीच्या डब्याशी नव्हे, तर उन्हापावसाने आज जो उरला आहे त्याच्याशी जुळवायचा असतो.

कारखान्यात पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर (रंगाखालचा अस्तर थर), रंग आणि बहुधा वर पारदर्शक लॅकर चढतो. सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). हे थर सुमारे १४० अंश सेल्सिअसला किंवा त्याहून जास्त तापमानाला भाजले जातात. तयार गाडीत रबर, प्लास्टिक, वायरिंग आल्यावर ती भट्टी परवडत नाही. म्हणून गॅरेजात हार्डनर (रंग कडक करणारे द्रव्य) घातलेला रंग ६० अंशांच्या आसपास किंवा मोकळ्या हवेतच वाळवतात.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या गाडीचे छत व बॉनेट आधी विटतात. दाराचा खालचा भाग मात्र बराच शाबूत असतो. एकाच गाडीवर असे दोन-तीन ‘मूळ’ रंग सापडतात. लाल गाड्यांचे हाल सर्वाधिक. कडुलिंबाची सावली शोधावी, तर पक्ष्यांची विष्ठा लॅकर खाते.

बॉनेटखालच्या किंवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो; तो नुसती सुरुवात. एकाच कोडच्या थोड्या वेगळ्या छटा असतात. नमुना म्हणून पेट्रोल टाकीचे झाकण काढून रंगाच्या दुकानी नेण्याची पद्धत सोयीची, पण झाकण उभे असते, त्याला बॉनेटएवढे ऊन लागत नाही. बॉनेटसाठी ते फसवते. शिवाय आधी कंपाउंडने (कापडावर घेऊन घासायच्या पॉलिशच्या पेस्टने) जुना मळकट थर काढल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही. कापडावर रंग उतरला, तर वर लॅकर नाही असे समजावे. (पांढऱ्या गाडीला काळे कापड घ्यावे, नाहीतर काहीच दिसणार नाही.)

साधा, एकजिनसी रंग त्या मानाने सोपा. मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात आणि ते कसे बसतात यावर छटा ठरते: ओला हात मारला (रंग भरपूर, ओलसर बसला) की रंग गडद, कोरडा मारला की उजळ. म्हणजे एकाच डब्यातला रंग दोन कारागिरांच्या गनमधून (रंगाच्या फवारणी यंत्रातून) वेगळा दिसू शकतो. म्हणून आधी पत्र्याच्या तुकड्यावर मारून, लॅकर देऊन, वाळवून तो गाडीशेजारी धरतात, तोही दिवसाच्या उजेडात; ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा पडतो. एवढे करूनही फरक उरला, तर शेजारच्या पॅनलवर रंग विरत नेऊन नजरेला चुकवतात. यात अप्रामाणिक काही नाही, कसब आहे.

उन्हाळ्यात दुपारी थिनर गनपासून पत्र्यापर्यंत पोचेतोच उडतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. त्यामुळे सकाळची वेळ आणि सावकाश उडणारा थिनर बरा. पावसाळ्यात दमटपणाने वरचा थर धुरकट होण्याची भीती.

दगडाच्या बारीक टवक्याला गनची गरजच नाही. गंज खरवडून, प्रायमर देऊन, बारीक ब्रशने थेंब-थेंब रंग भरावा आणि वाळल्यावर २०००च्या वॉटर पेपरने (पाणी लावून घासायच्या अगदी बारीक पॉलिश पेपरने) सपाट करावा.

हार्डनरमधील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते. तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही.