फॅट कमी केलं, मग त्याच्या जागी काय खाल्लं?

नाशकात रविवारी सकाळी गंगापूर रोडला मिसळ खायला गेलात की दिसेल, डॉक्टरांनी तेल बंद सांगितलंय म्हणून कुणीतरी वाटीतली तर्री चमच्याने काढून ठेवतंय, आणि मग तीन पाव, जिलबी, वर गोड चहा. यात त्या माणसाची चूक नाहीये, सल्लाच अर्धवट पोचलाय.

अमेरिकेतले संशोधक अँसल कीज यांनी १९५८ पासून सात देशांचा मोठा अभ्यास केला, जिथे सॅच्युरेटेड फॅट (तूप-लोण्यासारखं घट्ट होणारं फॅट) जास्त तिथे हार्टचे आजार जास्त असं त्यात दिसलं. पुढे १९७७ मधे तिथल्या सिनेटच्या कमिटीने आहाराची उद्दिष्टं काढली आणि लोकांपर्यंत एवढंच आलं की फॅट वाईट. मग लो-फॅट बिस्किटं आली, फॅट काढलं पण चव राहायला साखर आणि मैदा घातला. आता माहितीये की सॅच्युरेटेड फॅटच्या जागी मैदा-साखर आली तर हार्टला फारसा फायदा होत नाही, उलट ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढतात, पण त्याच जागी शेंगदाणा, करडई असली तेलं आली तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, खरंच उतरतं.

सगळ्यात वाईट निघालं ते वनस्पती तूप, जे आपण स्वस्त म्हणून वर्षानुवर्षं खाल्लं. पातळ तेलात निकेलच्या मदतीने हायड्रोजन सोडून ते घट्ट करायचे, त्यात ट्रान्स फॅट तयार व्हायचं. हे एलडीएल वाढवतं आणि चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल कमी करतं, हे १९९० मधे डच संशोधकांनी दाखवलं. आपल्याकडे तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा यायला २०२२ उजाडलं, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून साजूक तूप हवं तेवढं खा असं जे व्हॉट्सॲपवर फिरतं तेही बरोबर नाही. तुपात साधारण ६० टक्के सॅच्युरेटेड फॅट असतं. डब्ल्यूएचओ म्हणतं दिवसाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी कॅलरी त्यातून याव्यात, म्हणजे २००० कॅलरी खाणाऱ्याला जास्तीत जास्त २२ ग्रॅम, आणि एक मोठा चमचा तुपातच आठ-नऊ ग्रॅम जातात. वरणभातावर एक छोटा चमचा घ्या की, भीती नाही.

आणि भजी तळून उरलेलं तेल परत परत तापवू नका, काळं पडलं, फेस यायला लागला की टाकून द्या, नाहीतर आधीच गाळून ठेवून एक-दोन दिवसात भाजीच्या फोडणीला संपवा.